गवयाचा वाढदिवस

मार्चच्या २१ तारखेला सकाळी मी शिरा करत होते. रवा तुपावर भाजत आला होता, खमंग वास घरभर पसरला होता आणि ओट्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर पियानो चालू होता. आत्या फुलांची परडी घेऊन बाल्कनीतून आत आली आणि कढईत डोकावली. चतुर्थी नाही, कोणी येणार नाही, मग शिरा कसला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. म्हटलं, "आज बाखचा वाढदिवस." बाख म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा जर्मन संगीतकार. हे नाव तिला नवं नाही, ती माझ्याकडे राहायला आल्यापासून तिच्या कानावर पडतंय. "पुण्यतिथी म्हणायचंय का तुला?" तिने विचारलं. "नाही गं, वाढदिवस. १६८५ सालचा." ती क्षणभर थांबली. परडीतलं एक सुकलेलं पान काढून टाकलं आणि म्हणाली, "गवयाचा वाढदिवस कोण करतं? गवयाची पुण्यतिथी करतात." आणि देवघरात गेली.

तिच्या बोलण्यात चिडवणं नव्हतं. तांदूळ किती वेळा धुवायचे हे सांगावं, इतक्या सहजपणे तिने ते सांगितलं होतं. म्हणूनच बहुधा ते वाक्य दिवसभर माझ्या मागे लागलं.

कारण ती म्हणते ते खरंच आहे. आपलं गाणं मरणतिथीभोवती जमतं. आत्याच्या गुरुजींची पुण्यतिथी मी लहानपणी तिच्याबरोबर जाऊन पाहिली आहे. गिरगावातल्या एका माडीवरचा हॉल, सतरंज्या, भिंतीला टेकवलेला फोटो, त्यावर झेंडूचा जाड हार, उदबत्तीची राख फोटोच्या चौकटीवर पडलेली. सकाळपासून शिष्य एकेक करून गायचे. सगळ्यात लहान मुलं आधी, मग कॉलेजातल्या मुली, मग आत्यासारख्या संसारी बायका आणि शेवटी पांढऱ्या केसांचे दोघे-तिघे. प्रत्येकाने गुरुजींकडून घेतलेलीच चीज, म्हणजे बंदिश, गायची, असा अलिखित नियम. गाताना कोणी फोटोकडे बघायचं नाही, आणि तरी जागा बरी आली की नजर एकदा तिकडे जायचीच. गुरुजींचा जन्मदिवस कोणता, हे त्या हॉलमधल्या कोणालाच ठाऊक नसावं. शाळेत नाव घालताना सांगितलेली एक तारीख तेवढी कुठेतरी होती. पुण्यातला सवाई महोत्सवसुद्धा मुळात असाच. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ तो सुरू केला. आज तिथे हजारो लोक डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून बसतात, पण त्याच्या मुळाशी एका शिष्याचं श्राद्धच आहे. जन्मशताब्दी करतो आपण, नाही असं नाही. पण ती समितीची असते, सरकारची असते. घरातली असते ती पुण्यतिथी.

बाखच्या बाबतीत हे लावून बघावं, तर हाताला फार काही लागत नाही. तो लाइपझिगमध्ये २८ जुलै १७५० रोजी गेला. शेवटच्या वर्षात डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्या बिघडल्या, आणि आयुष्यभर मेणबत्तीच्या उजेडात स्वरलिपी लिहिलेला माणूस अंधारात गेला. सेंट जॉन चर्चच्या आवारात पुरलं, पण कबरीवर दगडसुद्धा नव्हता. त्याची बायको आना मागदालेना स्वतः उत्तम गायिका. नवऱ्याच्या संगीताच्या प्रती तिने इतक्या काढल्या की दोघांचं अक्षर वेगळं ओळखणं अभ्यासकांना जड जावं. ती १७६० मध्ये धर्मादाय मदतीवर जगत वारली. १८९४ मध्ये ते आवार खणून बाखचे म्हणून अवशेष शोधण्यात आले, आणि आज जिथे लोक फुलं ठेवतात त्या थोमासकिर्श चर्चमध्ये ते यायला १९५० साल उजाडलं. म्हणजे दोनशे वर्षं. मुलं होती, चांगली नाव कमावलेली होती, शिष्य होते. पण त्याच्या मरणाचा दिवस धरून वर्षानुवर्षं एका सतरंजीवर बसलेली माणसं मला त्या गोष्टीत कुठे दिसत नाहीत.

मग मी तरी २८ जुलैला काही का करत नाही? पावसाचे दिवस असतात, घरात बसून ऐकायला त्याहून चांगला काळ नाही. तरी ती तारीख माझ्या हातून कोरडीच जाते.

माझी आणि बाखची ओळख त्याचं नाव कळण्याच्या कितीतरी आधीची. आम्ही गिरगावात राहायचो. खोताची वाडी दोन गल्ल्या टाकून. त्या वाडीत, लाकडी जिन्याच्या आणि कोरीव कठड्याच्या एका घरात, पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. मूळच्या गोव्याच्या. सगळी मुलं त्यांना मिस म्हणायची. माझ्या मैत्रिणीचं घर त्यांच्या समोरच, आणि दुपारी आम्ही तिच्या गॅलरीत सागरगोटे खेळत बसायचो. समोरच्या खिडकीतून तेच ते सूर यायचे. कोण मूल वाजवतंय ते दिसायचं नाही. आठ सुरांची एक छोटीशी धाव, पुन्हा तीच धाव, अडखळणं, मिसचा आवाज, पुन्हा पहिल्यापासून. कित्येक दिवस ते तेवढंच ऐकलं. मग कधीतरी तीच धाव खर्जात येऊ लागली, जाड आवाजात, जरा आळसावून. मला वाटलं, वेगळं गाणं असेल. कितीतरी दिवसांनी एका दुपारी ती दोन्ही गाणी एकदम वाजली. वरचं सुरू झालं आणि ते संपायच्या आत खालचं आलं, आणि दोघं एकमेकांना न अडखळता चालत राहिली. माझ्या हातातला सागरगोटा खाली पडला की नाही ते आठवत नाही, पण अंगावर काटा आलेला अजून आठवतो. मिस मुलांना आधी एकेका हाताची तयारी करायला लावायच्या, एवढंच त्याचं कारण. पण त्यामुळे माझ्या कानाने ते दोन आवाज वेगवेगळे, स्वतंत्र माणसांसारखे ओळखले होते, आणि ते दोघं एकमेकांना भेटले तेव्हा मी तिथे होते.

ते काय होतं, हे फार उशिरा, नोकरीला लागल्यावर, एका मित्राकडच्या कॅसेटवर कळलं. बाखची पहिली इन्व्हेन्शन, दोन आवाजांची एक छोटी रचना. हिंदुस्थानी गाणं शिकलेल्या कोणालाही ती दोन मिनिटांत सांगता येईल. पलटा आहे तो, रियाजातला सुरांचा छोटा तुकडा: सा रे ग म, रे ग सा, प. सुरुवात ठोक्यावर नाही, ठोका सोडून किंचित मागून उचल. उजवा हात हे म्हणून पंचमावर पोचतो न पोचतो, तोच डावा हात खालच्या सप्तकात तेच म्हणायला लागतो. मग तोच पलटा पंचमापासून: प ध नि सां, ध नि प, रें. आणि तिसऱ्या बारात तो उलटा होऊन उतरायला लागतो: ध प म ग, प म ध, प. त्याच वेळी खालचा हात त्याच पलट्याची पहिली चार पावलं दुप्पट सावकाश टाकत असतो. एकूण बावीस बार. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक कप्पा. या बावीस कप्प्यांत बाहेरून काहीही आणलेलं नाही. त्या एका पलट्याचा विस्तार, बढत म्हणा हवं तर. फरक एवढाच की आपल्याकडे बढत एका गळ्यात होते. साथीची पेटी गवयाच्या मागून, त्याच्या सावलीत चालते. जुगलबंदीतही बहुतेक वेळ एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. इथे दोघं एकाच वेळी बोलतात, दोघांनाही पूर्ण वाक्यं आहेत, आणि कोणीच कोणाची साथ करत नाही.

हे त्याने मैफलीसाठी लिहिलेलं नाही. कोथेन गावी राजाच्या पदरी नोकरीला असताना, २२ जानेवारी १७२० रोजी त्याने नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. कोणतं बोट कुठे ठेवायचं, सुरांचे दागिने कसे घ्यायचे, इथपासून सुरुवात. या रचनांचं पहिलं रूप त्या वहीत आहे. त्याच वर्षी तो राजाबरोबर कार्ल्सबादला गेला होता. परत आला तेव्हा बायको मारिया बार्बारा गेलेली होती आणि तिला पुरूनही झालं होतं. घरात आई नसलेली मुलं आणि ती वही. १७२३ मध्ये त्याने या रचना सुधारून स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिल्या आणि मुखपृष्ठावर हेतू नोंदवला: शिकणाऱ्याला दोन आवाज स्पष्ट वाजवता यावेत, मग तीन, चांगल्या कल्पना सुचाव्यात आणि त्या फुलवता याव्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाजवणं गाण्यासारखं व्हावं. हे शेवटचं मी आत्याला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही. पण तिने चष्मा काढून ठेवला. ती ऐकायला बसते तेव्हा चष्मा काढते.

बाखची स्वतःची तालीम काही अशी मायेने झाली नव्हती. आई नऊ वर्षांचा असताना गेली, वडील दहाव्या वर्षाच्या आसपास. ओर्डुर्फ गावात थोरल्या भावाने सांभाळलं, शिकवलंही. त्या भावाकडे त्या काळच्या मोठ्या रचनाकारांच्या कृतींची एक वही होती, आणि ती या पोराला द्यायची नाही असं त्याने ठरवलेलं. वही जाळीच्या कपाटात बंद. पोराचा हात लहान. रात्री सगळे झोपले की जाळीतून हात घालून तो वहीची गुंडाळी करून बाहेर काढायचा आणि चंद्राच्या उजेडात नक्कल करायचा, कारण दिवा मिळत नव्हता. सहा महिने. नक्कल पूर्ण झाली आणि भावाने पकडलं. पकडलं तेव्हा ती नक्कलही काढून घेतली. ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने आणि एका शिष्याने लिहिलेल्या मृत्युलेखात आहे. मी ती आत्याला सांगितली तेव्हा ती खूप वेळ हळहळत राहिली, कारण तिला त्यातलं काहीही परकं नव्हतं. बुवांनी चिजेचा अंतरा, म्हणजे दुसरा भाग, दिलाच नाही, खाँसाहेबांनी शिष्य बाहेर गेल्यावरच ती चीज गायली, दाराआड उभं राहून कोणी अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, उचलली, या गोष्टींवर तिची पिढी वाढली. भातखंडे वकील माणूस, पण गावोगाव हिंडून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून शेकडो चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. आत्याच्या ट्रंकेत त्यातला एक भाग आहे, पाठपुठ्ठा निघालेला, कडेला तिच्याच मुलीपणीच्या अक्षरातल्या खुणा. ज्यांना गुरू मिळाला नाही त्यांच्याही घरात त्या पुस्तकाने चिजा पोचवल्या. त्यावरून जाणकारांचे वाद झाले, छापलेल्या स्वरांत गाणं कुठे असतं असं म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्यही आहे. पण मी त्या जाळीच्या कपाटाशेजारी उभ्या असलेल्या पोराच्या बाजूची आहे.

त्या पोराने पुढे काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. लाइपझिगमध्ये कायदा शिकायला आलेला हाइनरिश गेर्बर नावाचा एक तरुण त्याच्याकडे शिकायला येऊ लागला. बाखने त्याला आधी या इन्व्हेन्शन दिल्या, मग नृत्यरचनांच्या माला, मग चोवीस स्वरपट्ट्यांतल्या प्रिल्यूड आणि फ्यूग. प्रिल्यूड म्हणजे आधीचा मोकळा तुकडा, आणि फ्यूगमध्ये एकच धून एकेक आवाज मागून उचलत जातो. गेर्बरच्या मुलाने पुढे लिहून ठेवलंय की हा शेवटचा संग्रह बाखने त्याच्या वडिलांना तीन वेळा सबंध वाजवून ऐकवला. आज शिकवायचा मूड नाही असं निमित्त सांगून तो आपल्या वाद्याशी बसायचा आणि तासांची मिनिटं व्हायची. आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या वेळांमध्ये गेर्बर त्या वेळा धरायचा. हे वाचलं की मला आत्याच्या गुरुजींची माडी दिसते. गुरू समोर, शिष्य गुडघा मोडून, दुपार कलती.

तिथे मी कधी नव्हते. असणार नव्हते.

आणि इथे मला आत्याच्या वाक्याचं काहीतरी उत्तर सापडतं असं वाटतं. पुण्यतिथी करायला माणूस गमवावा लागतो. आत्याने गुरुजी गमावले. त्यांची खाकरण्याची तऱ्हा, तान चुकली की मांडीवर पडणारी चापट, हे सगळं एका दिवशी संपलं, आणि तो दिवस तिच्या अंगात तारीख म्हणून उरला. तिचा त्यावर हक्क आहे. माझा बाख कधी गेलाच नाही, कारण तो माझ्याजवळ कधी नव्हता. मला त्याच्या मरणाचा दिवस धरायला लाज वाटते, परक्याच्या घरी सुतकाला जाऊन पुढे बसल्यासारखं होतं. वाढदिवसाला तसं नाही. एक मूल जन्मलं, याचा आनंद गल्लीतला कोणीही करू शकतो. त्याला ओळख लागत नाही, गुरूने बांधलेला गंडा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये डेल हेंडरसन नावाच्या चेलोवादकाने (चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) २०१० मध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत बसून बाखच्या चेलोच्या रचना वाजवायला सुरुवात केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, पैसे न घेता. पुढे त्याचा प्रघातच पडला, आणि आता २१ मार्चच्या सुमारास कितीतरी देशांतले वादक स्टेशनांत, चौकांत, दवाखान्यांत बसून वाजवतात. ऐकणाऱ्यांत बहुतेक परके. गाडी आली की जातात. मला वाटतं माझ्यासारख्यांची सतरंजी तीच.

२१ मार्च हा उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांचाही जन्मदिवस, १९१६ सालचा. म्हणून त्या दुपारी मी त्यांची सनई लावली, आणि आत्या तिच्या हक्काच्या ठिकाणी आल्यासारखी खुर्चीत सैल झाली. मग मी तिला केसरबाईंचं सांगितलं. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचं संगीत भरलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात बाखच्या तीन रचना आहेत आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आत्याने केसरबाईंना लहानपणी समोर बसून ऐकलं होतं. तिने एवढंच विचारलं, "त्यांना कळलं होतं का गं?" मला सांगता आलं नाही. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती, आणि मलाही एकदम वाईट वाटलं. ज्या बाईंनी हयातीत आपला आवाज मशीनच्या हाती फारसा दिला नाही, त्यांचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे, आणि गिरगावातल्या एका म्हातारीला त्यांची चौकशी करावीशी वाटते.

बाखच्या वाढदिवसाच्या खरं तर दोन तारखा. त्याच्या गावात, आयझेनाखमध्ये, तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, त्यातली ती २१ मार्च. आजच्या हिशेबाने ३१. त्या प्रोटेस्टंट मुलखाने १७०० मध्ये नवं कॅलेंडर घेतलं, १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च आला, तेव्हा हा पंधरावं गाठत होता. आत्याला हे अगदी सहज पटलं. तिची स्वतःची तिथी आणि तारीख क्वचितच एका दिवशी पडते. "मग ३१ ला पण कर," ती म्हणाली. आणि ३१ ला संध्याकाळी, शिऱ्याचं नाव न काढता, तिने विचारलं, "तो पलटा कसा होता तुझा?"

मी तिला वरचा आवाज गाऊन दाखवला. तिने एकदाच ऐकून सरगम धरली; सत्तरी ओलांडली तरी तिचा कान अजून तसाच आहे. मग सवयीने तिने इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, सा-प. मी म्हटलं, आता मी सुरू करते, माझे दोन ठोके झाले की तू खालून तेच म्हण. पहिल्या झटक्याला ती माझ्या मागे खेचली गेली. दुसऱ्याचा आवाज आला की त्याला धरायचं, असा साठ वर्षांचा संस्कार. "तुझं ऐकू येतंय म्हणून माझं सुटतंय," म्हणाली. पण ते सुटणं तिला आवडलं, कारण तिने लगेच "परत" म्हटलं. लय एकदम कमी केली, विलंबितात आणली. चौथ्या बारात तीव्र मध्यम आला आणि ती थबकली. "शुद्ध होता, आता तीव्र. बिहाग आहे का?" मी सांगितलं, पंचम आता षड्ज होतोय, तो तीव्र मध्यम म्हणजे त्याचा निषाद. "म्हणजे षड्जचालन. मग असं सांग ना." ती पुन्हा गायली, आणि या वेळी तानपुऱ्याचा जुना सा तिला टोचायला लागला, मला दिसत होतं, कपाळाला आठी पडत होती. ती आयुष्यात तानपुऱ्याशिवाय गायलेली नाही. गुरुजींच्या पुण्यतिथीला वीज गेली तरी कोणी ना कोणी तंबोरा छेडत बसायचं. तिने हात लांब केला आणि बटण बंद केलं.

तानपुरा बंद झाल्यावर आमचे दोन आवाजच उरले, आणि ते एकमेकांना धरून नव्हते तरी पडत नव्हते. माझा सूर मध्येच चढत होता, तिचा श्वास पुरत नव्हता. सातव्या बाराच्या पहिल्या ठोक्याला आम्ही दोघी नव्या षड्जावर एकदम आलो. तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, मांडीवर थाप दिली आणि म्हणाली, "समेला आलो की गं." आता पुढचे पंधरा बार बाकी आहेत. तिने ते भातखंड्यांच्या लिपीत लिहून मागितले आहेत, दोन ओळी एकाखाली एक, तिची ओळ लाल शाईत.